जिन : एका शब्दाचे गोत्र

वर्धा जिल्ह्यात ‘जिन’ हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. दिवाळी आली, शेतात सीतादही होऊन पहिली वेचणी झाली, की तो आपोआप कानांवर पडू लागतो. ‘गाडी जिनात गेली’, ‘जिनात आज काय भाव निघाला’, ‘पोरगा जिनात लागला’, ‘जिनाच्या मागच्या वस्तीत राहतो’, अशी वाक्ये हिंगणघाटास, पुलगावास, आर्वीस, देवळीस, सिंदीस कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकू यावीत. ज्या म्हातारीला इंग्रजीचे एक अक्षर ठाऊक नाही, तिच्याही तोंडी हा शब्द असतो, आणि तो इंग्रजी आहे असे तिला सांगितले तर तिला नवल वाटेल. परका शब्द घरचा झाला याची याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाही.

तथापि हाच शब्द घेऊन कोश उघडला की मोठी गर्दी दिसते. इंग्रजी कोशात जिन म्हणजे सरकी काढण्याचे यंत्र. जिन म्हणजे एक मद्य. जिन म्हणजे पाखरे वा ससे धरण्याचा फासा. जिन म्हणजे खाणीतून कोळसा वर ओढणारा, घोडे जुंपलेला रहाट. जुन्या इंग्रजी कवितेत तर ‘आरंभ करणे’ या अर्थाचेही एक क्रियापद याच रूपात भेटते. मराठीकडे वळावे तर तेथे जिन म्हणजे रागद्वेष जिंकलेला तीर्थंकर. जिन म्हणजे दिव्यातून वा बाटलीतून निघणारा अरबी कथांतला प्राणी. जीन म्हणजे घोड्याच्या पाठीवरचे खोगीर. जीन म्हणजे जाड विणीचे कापड. आणि अलीकडे विज्ञानाच्या पुस्तकांतून आलेला जीन, ज्याला आपण जनुक म्हणतो. आता हे सारे एकाच घरचे, की एकाच नावाचे निरनिराळे गृहस्थ? आडनाव एक असले म्हणून सोयरीक ठरवता येत नाही, गोत्र विचारावे लागते. शब्दांचेही तसेच आहे. ध्वनी सारखा आहे एवढ्यावरून नाते सांगणारे पुष्कळ भेटतात. पण शब्द कोणत्या वाटेने आला, वाटेत कोठे मुक्काम केला, हे पाहिल्यावाचून त्याचे कूळ कळत नाही.

जे या कुळातले नव्हेत त्यांना प्रथम निरोप देऊ.

मद्य असलेला जिन हा मूळचा एका झुडपाचा. जुनिपर नावाचे एक सुगंधी झुडूप युरोपात होते. त्याची निळसर फळे घालून डच लोक एक दारू गाळीत. लॅटिन ‘जुनिपेरुस’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘जनेव्र’ झाले, त्याचे डचांनी ‘येनेव्हर’ केले आणि इंग्रजांच्या कानाला ते ‘जिनिव्हा’ असे ऐकू आले. मग त्या दारूचा संबंध स्वित्झर्लंडातल्या शहराशी आहे असा लोकांचा समज झाला. तो निखालस चुकीचा होता. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचे शेपूट तुटून ‘जिन’ उरले. पुढे ही स्वस्त दारू लंडनच्या गरीब वस्त्यांत इतकी बोकाळली की पार्लमेंटला १७३६ व १७५१ साली तिच्यासाठी खास कायदे करावे लागले, आणि हॉगार्थ या चित्रकाराने १७५१ साली त्या वस्तीचे जे चित्र काढले, त्यात नशेत बेभान झालेल्या आईच्या हातून मूल खाली पडताना दाखवले आहे. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी असल्याने हा जिन येथे अधिकृतपणे येऊ शकत नाही. अनधिकृतपणे येतो की नाही, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

कापडाचा जीन हा गावाच्या नावाचा. इटलीतल्या जेनोव्हा बंदराच्या नावावरून तो आला असे मानतात. फ्रान्सातल्या नीम शहरावरून जसे ‘डेनिम’ आले तसा. खोगिराचा जीन फारसी आहे, आणि त्या कामावरून जिनगरांना नाव मिळाले. घराचा जिनाही फारसीच, पण त्याचा मूळ शब्द आणखी वेगळा. तीर्थंकरांना लावतो तो जिन संस्कृत ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूपासून निघाला; जैन हे नाव त्यावरूनच पडले. जुन्या कवितेतले ते क्रियापद जुन्या इंग्रजीच्या स्वतःच्या घरातले, हल्लीच्या ‘बिगिन’चे भावंड. या सर्वांचा आमच्या कापसाच्या जिनाशी काडीचा संबंध नाही. कोणी तो जोडू लागला तर मुकाट्याने ऐकून घ्यावे आणि मान्य करू नये.

मग आमचा जिन कोणाचा? तो ‘इंजिन’ या शब्दाचा तुटलेला तुकडा आहे. इंग्रजांनी मध्ययुगात फ्रेंचांकडून ‘एंजिन’ हा शब्द घेतला आणि बोलण्याच्या घाईत त्याचे पहिले अक्षर गिळले; उरले ते ‘जिन’. हे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे. म्हणजे वाफेचे इंजिन जन्माला येण्याच्या कितीतरी आधी इंजिनाचा हा धाकटा भाऊ इंग्रजीत नांदत होता. आपल्याकडे मात्र दोघेही जवळजवळ बरोबरच, रेल्वे आणि कारखाने यांच्या मागोमाग उतरले. वाफेच्या किंवा तेलाच्या इंजिनावर चालणारा जिन असे आपण म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतो. पाव म्हणजे पोर्तुगीजांची रोटीच. तिला आपण पावरोटी म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

फ्रेंच ‘एंजिन’च्या मागे लॅटिन ‘इंगेनियुम’ आहे, आणि येथे विषयाला खरी गोडी येते. इंगेनियुम म्हणजे यंत्र नव्हे. इंगेनियुम म्हणजे माणसाबरोबर जन्माला आलेली बुद्धी, अंगची हुशारी. ‘आत’ आणि ‘जन्मणे’ या दोन अर्थांच्या तुकड्यांतून तो शब्द घडला आहे. संस्कृतात ‘सह’ आणि ‘ज’ मिळून ‘सहज’ झाला, म्हणजे जन्मासोबत आलेले; रचना अगदी त्याच धर्तीची. मग बुद्धीवरून बुद्धीने काढलेली युक्ती, युक्तीवरून डावपेच, डावपेचावरून फसवणूक, आणि ज्या वस्तूने फसवायचे तो फासा, असा अर्थ उतरत गेला. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात पाखरू अडकवण्याच्या फाशाला हाच शब्द वापरलेला आहे. लोखंडी दातांचा जो सापळा इंग्लंडात सशांसाठी लावीत त्याचेही नाव जिन. तो इतका क्रूर होता की १९५८ सालापासून तेथे त्याच्या वापरास बंदी आली. दुसरीकडे युक्तीवरूनच युक्तीचे साधन, किल्ल्याची भिंत फोडणारे अवजार, वजन उचलणारा रहाट, आणि शेवटी कोणतेही यंत्र, अशी दुसरी शाखा फुटली. इंजिनियर हा आरंभी असली युद्धाची अवजारे करणारा माणूस होता. म्हणजे बुद्धीच्या पोटी दोन मुले झाली, एक यंत्र आणि एक सापळा, आणि दोघांचे नाव एकच ठेवले गेले. कापूस घेऊन फाटकाशी रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला ही व्युत्पत्ती सांगितली तर तो हसेल. पण ती खोटी आहे असे म्हणणार नाही.

हे ‘गेन्’ मूळ आणि आपला ‘जन्’ धातू एकच. जन्म, जनक, जाती हे आपले शब्द आणि लॅटिन-ग्रीकांचे ‘गेनुस’, ‘गेनोस’ हे एका आजीची नातवंडे आहेत. तेव्हा जिन या शब्दाचे संस्कृताशी नाते आहेच, परंतु ते ज्या जिनाशी सहज जोडले जाते त्या तीर्थंकरवाचक शब्दाशी नव्हे, तर जन्माशी आहे. ध्वनीने एक वाट दाखवली आणि खरे घर भलत्याच आळीत निघाले.

या घरातले दोन नातलग तर आमच्या बाजारातच राहतात. एक ‘जिन्नस’. किराण्याचा जिन्नस, सोन्याचा जिन्नस असे आपण रोज म्हणतो. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. पण अरबीनेही तो ग्रीक ‘गेनोस’वरून, म्हणजे कूळ, वर्ग, जात या अर्थाच्या शब्दावरून घेतला होता. दुसरा जनुक. विल्हेल्म योहान्सन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०९ साली आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या घटकाला त्याच ग्रीक मुळावरून नाव दिले, आणि आपल्या परिभाषाकारांनी ‘जन्’वरूनच त्याला ‘जनुक’ असा प्रतिशब्द केला. हे फार चांगले झाले, कारण असे भाषांतर क्वचितच मुळाला जाऊन भिडते. २००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसाच्या बियाण्यात घातले, ते हे बियाणे. तेव्हापासून वर्ध्याचा शेतकरी जनुक घातलेल्या बियांचा जिन्नस जिनात नेतो आहे. तिन्ही शब्द सख्ख्या नात्यातले, आणि तिघांची एकमेकांशी ओळख नाही!

अरबी कथांतल्या जिनाविषयी एक शब्द सांगून पुढे जाऊ. त्याचे मूळ अरबी ज-न-न, अर्थ झाकणे. डोळ्यांना न दिसणारा तो जिन. झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत. ज्याची बुद्धी झाकली गेली तो मजनून, म्हणजे आपला मजनू. गालाँ या फ्रेंच पंडिताने १७०४ सालापासून अरबी कथांचे भाषांतर छापावयास घेतले, तेव्हा या प्राण्याला काय म्हणावे याचा विचार करताना त्याला ‘जेनी’ हा फ्रेंच शब्द सापडला. हा लॅटिन ‘गेनियुस’चा, म्हणजे माणसाच्या जन्माबरोबर येणाऱ्या रक्षक आत्म्याचा वंशज; ध्वनीही जुळला, अर्थही जवळ आला. अशा रीतीने अरबी जिन परक्या घरी दत्तक गेला. दत्तकाला कुळात मोजायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता आमच्या यंत्राकडे येऊ. ते वर्ध्याला पोहोचले त्या वाटेवर पुष्कळ रक्त सांडले आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात आखूड धाग्याचा कापूस उत्तम येई. पण त्याची रुई सरकीला घट्ट चिकटलेली. रुळाचे यंत्र तेथेही होते, परंतु ते लांब धाग्याच्या कापसालाच चाले. ईलाय व्हिटनी याने तारांचे दात बसवलेले फिरते यंत्र केले आणि १४ मार्च १७९४ रोजी त्याचे पेटंट मिळवले. याला ‘कॉटन जिन’ म्हणू लागले, आणि जिन या शब्दाला जगभर नेणारा अर्थ हा. वरवर पाहता श्रम वाचवणारे यंत्र. पण घडले उलटे. सरकी काढणे स्वस्त झाले तसा कापूस लावणे फायद्याचे झाले, आणि लावायला, वेचायला हात हवे होते. १७९० च्या शिरगणतीत त्या देशात गुलाम सुमारे ७ लाख होते. १८६० च्या शिरगणतीत ते सुमारे ४० लाख झाले. या वाढीला कापूसच मुख्यतः कारण, असे इतिहासकार म्हणतात.

१८६१ साली तेथे यादवी पेटली आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग इंग्रजांची नजर मुंबईमार्गे विदर्भाच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. हिंगणघाटाचा कापूस तसा पूर्वीपासून नावाजलेला. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे एका प्रतीचे नावच होते. १८६२ साली नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा झाला, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे जाणारा माल रुळांवरून मुंबईकडे जाऊ लागला. त्या रुळांच्या कडेने त्या शतकाच्या उत्तरार्धात जिन उभे राहिले. इंग्रज आला नसता तरी यंत्र आले असते, हे खरे. पण ते ज्या नावाने आणि ज्यांच्या मालकीने आले, त्याचे कारण हे आहे.

येथे आम्हांस एक प्रश्न पडतो. लोकांनी ‘जिन’ हा शब्द घेतलाच का? घरात चरकी होती. दोन लाटण्यांमध्ये कापूस सरकवायचा, मूठ फिरवायची. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. शब्द हाताशी होता, काम तेच होते. दाबून बांधलेल्या रुईला इंग्रजीत वेगळा शब्द असूनही आपल्या लोकांनी तो घेतला नाही. ती गाठच राहिली. मग या यंत्राला ‘मोठी चरकी’ म्हणायला काय हरकत होती? शिवाय गंमत अशी की, आपल्याकडच्या जिनांत बहुतांशी रुळाचीच यंत्रे आहेत. फोन्स मॅकार्थी याने १८४० साली पेटंट घेतलेल्या तत्त्वावर ती चालतात : चामड्याच्या चकत्यांचा रूळ रुई ओढतो आणि सुरीची धार सरकी अडवते. व्हिटनीच्या दातांपेक्षा हे आमच्या चरकीलाच जवळचे.

आमचे उत्तर असे की लोकांनी यंत्राला नाव दिलेच नाही, जागेला दिले. आमच्याकडे जिन म्हणजे ते लोखंडी रूळ नव्हेत; जिन म्हणजे फाटक, वजनकाटा, कापसाचा ढीग, पत्र्याचे छप्पर, मुनीम आणि मालक. चरकी माजघरात असते, जिनात जावे लागते. चरकी घरची बाई फिरवी, आणि सरकी घरच्या बैलासमोर पडे. जिनात कापूस गेला की सरकीही गेली. तिचे तेल निघाले, आणि उरलेली ढेप शेतकऱ्याने दाम मोजून परत आणली. ज्या बाया घरी चरकी फिरवीत त्यांतल्याच कित्येक पुढे रोजाने जिनात यंत्रापुढे बसून, नाकातोंडात रुईचे तंतू घेत, कापूस घालू लागल्या. इतके सारे बदलल्यावर जुना शब्द पुरा पडणार नव्हता. लोक शब्द उसना घेतात तेव्हा बहुधा वस्तू नवी असते असे आपण मानतो. येथे वस्तू जुनी होती, व्यवहार नवा होता.

हिशेब सांगितला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. एक क्विंटल कापसातून साधारणतः ३४-३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. रुईची एक गाठ १७० किलोंची, म्हणजे तिला पाचेक क्विंटल कापूस लागतो. शेतकरी विकतो तो कापूस, व्यापारी विकतो ती रुई. एक क्विंटलांत मोजतो, दुसरा ३५६ किलोंच्या खंडीत. तेव्हा खंडीचा भाव चढला हे वर्तमानपत्रात वाचून आपल्या क्विंटलाचे किती वाढले पाहिजेत, हा हिशेब फाटकाबाहेरच्या माणसाला चटकन करता येत नाही, आणि फाटकाआतला माणूस तो करून दाखवीत नाही. १९७२ साली महाराष्ट्र सरकारने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली. ती तीसेक वर्षे चालली. तेव्हाही माप जिनाच्याच आवारात होई. खरेदी करणारा बदलला, ‘जिनात गाडी लागली’ हे वाक्य बदलले नाही.

हा व्यवहार उलटा फिरवून पाहण्याचा प्रयोगही याच जिल्ह्यात झाला. विनोबा १९२१ साली वर्ध्यास आले. गांधीजी १९३४ पासून येथे आणि १९३६ पासून शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहिले. खादीच्या कामात त्यांचा आग्रह होता की सूतच नव्हे, सरकी काढण्याचे कामही हाताने आणि गावातच व्हावे. जिनात व दाबगाठीत कापसाचे तंतू दबून जातात, ते पुन्हा मोकळे करण्यास जोराने पिंजावे लागते, हे एक कारण. सरकी आणि मजुरी गावातच राहावी, हे दुसरे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून निघालेल्या नयी तालीमच्या शाळांत मुलांना सलाई-पटरी शिकवीत : एक लाकडी पाटी, तिच्यावर कापूस, आणि वरून लाटण्यासारखी फिरवायची एक लोखंडी सळई. सळई पुढे जाते, रुई मागे राहते, सरकी टुणकन पुढे उडते. लहान मुलालाही जमते. जिनाशी स्पर्धा करणे तिला अर्थातच शक्य नव्हते, आणि खादीवाल्यांखेरीज कोणी ती हातात घेतली नाही, हेही सांगितले पाहिजे.

सलाई-पटरीचे वय मात्र जिनापेक्षा पुष्कळ मोठे आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत सपाट पाटीवर एकच रूळ फिरवून सरकी काढण्याचे साधन दिसते, आणि असल्या साधनाचा तो सर्वांत जुना पुरावा मानला जातो. इंग्रजी ग्रंथांत त्या साधनाला ‘एकरुळी जिन’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. आर्वी-देवळीकडच्या कोणा माणसाला ते चित्र दाखवले, तर तो त्याला जिन म्हणणार नाही. तेथे फाटक नाही.